यंदा वाहन काय? पावसाच्या ठोकताळ्यांची उलटतपासणी

मे संपत आला की कोल्हापूरच्या बी-बियाण्यांच्या दुकानांत आणि दूध घालायच्या रांगेत एकच प्रश्न फिरत असतो: यंदा मिरगाचं वाहन काय? मिरग म्हणजे मृग नक्षत्र, आणि वाहन म्हणजे पावसाच्या नक्षत्रापुढं छापलेला प्राणी, ज्यावरून पाऊस किती ते सांगतात. कुणीतरी भिंतीवरची दिनदर्शिका उलटतो आणि सांगतो, कोल्हा. चेहरे पडतात. बेडूक किंवा म्हैस निघाली तर ‘मग काय, यंदा घोर नाही’ म्हणत सोयाबीनच्या पिशव्या उचलल्या जातात. तिथलाच एखादा म्हातारा म्हणतो, वाहन-बिहन राहू दे, बांधावरच्या झाडावर कावळ्यानं घरटं कुठं बांधलंय ते बघ आधी. तोवर एखादं पोरगं मोबाईल पुढं करतं: हवामान खात्यानं यलो अलर्ट दिलाय.

तिघंही पावसाचा अंदाजच सांगतायत असं आपण धरून चालतो आणि जुनं खरं की नवं, यावर भांडत बसतो. मला तो वादच चुकीच्या जागी चाललेला वाटतो. पावसाबद्दलच्या आपल्या समजुती म्हणजे एकसंध गठ्ठा नाही. काही समजुती म्हणजे शेकडो वर्षांच्या पावसाची साठवलेली आठवण आहे. काही डोळ्याला, नाकाला, कातडीला आत्ता कळणाऱ्या खुणा आहेत. आणि काही निव्वळ गणित किंवा कौल आहेत. प्रत्येकीला एकच प्रश्न विचारावा: तुझ्याकडं ही बातमी आली कुठून? उत्तर मिळालं की ती समजूत कुठं कामाची आणि कुठं नाही, हे आपोआप कळतं.

सगळ्यात आधी नक्षत्रं, कारण बाकीचं बरंचसं त्यांच्यावरच उभं आहे.

वर्षभरात सूर्य ताऱ्यांमधून ज्या वाटेनं सरकताना दिसतो, त्या वाटेचे २७ सारखे भाग पाडले आणि एकेका भागाला तिथल्या ताऱ्यांवरून नाव दिलं. ३६५ दिवसांना २७ नं भागलं की साडेतेरा येतात. तेवढे दिवस सूर्य एका नक्षत्रात असतो. ‘मृग निघाला’ म्हणजे सूर्य मृगाच्या भागात शिरला. त्या दिवसांत मृगाचे तारे दिसत मात्र नाहीत, कारण ते सूर्याबरोबर दिवसाच आकाशात असतात. म्हणजे नक्षत्र हा गणितानं काढलेला सूर्याचा पत्ता आहे. रोहिणी २५ मेच्या सुमारास लागते, मृग ७-८ जूनला, आर्द्रा २१-२२ जूनला. पुनर्वसू जुलैच्या पहिल्या आठवड्यात, पुष्य २० जुलैच्या आगंमागं. तिथून आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त, चित्रा करत स्वाती ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात येते.

आता गंमत बघा. आपले बहुतेक सण चंद्रावर चालतात. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान. ती तूट अधिक मास घालून भरून काढतात. त्यामुळे बेंदूर, म्हणजे आपला बैलांचा सण, किंवा आषाढी एकादशी वर्षागणिक मागंपुढं होते. कधी जूनच्या शेवटी, कधी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. त्यावर पेरणी ठरवली असती तर शेती बुडाली असती. पाऊस तिथी बघत नाही. तो सूर्य उत्तरेकडं किती सरकला आणि जमीन किती तापली त्यावर येतो. म्हणून शेतकऱ्यानं सण चंद्राकडं ठेवले आणि पेरणी सूर्याकडं दिली. पंचांगातल्या चांद्र पसाऱ्यात पावसासाठी तेवढा सौर हिशेब वेगळा काढणं, हे ज्यानं कुणी केलं त्याला हवामान कळत होतं.

नक्षत्रांना आपल्याकडं पडलेली नावं त्याच हिशेबाची साक्ष देतात. पुनर्वसूचा पाऊस तो तरणा, पुष्याचा तो म्हातारा. मिळून ही जोडी जवळजवळ अख्खा जुलै व्यापते आणि जुलै हाच कोल्हापूर जिल्ह्यात सगळ्यात जास्त पावसाचा महिना. शाहूवाडी, राधानगरी, गगनबावड्याकडं भाताची रोपलावण याच दिवसांत उरकायची असते. चिखल करायला, वाफ्यात पाणी उभं राहायला तरण्याची झड लागते. हस्ताला आपण हत्ती म्हणतो. सप्टेंबरअखेरच्या त्या पावसाला गडगडाट असतो, कारण तोवर मान्सून परतायच्या तयारीत असतो, ऊन पुन्हा तापतं आणि दुपारनंतर उंच ढग चढतात. याच नक्षत्रात सूर्य शिरला की पोरींचा हादगा बसतो आणि मधोमध हत्तीचं चित्र मांडतात. हादग्याला खिरापत खाणाऱ्या पोरींना आपण एका सौर कालगणनेचा दिवस साजरा करतोय याचा पत्ताही नसतो.

तर नक्षत्रांतली बातमी कुठून आली? मागच्या पिढ्यांच्या पावसातून. या पंधरवड्यात आपल्याकडं साधारण काय होतं, याची ती सरासरी आहे. हवामानशास्त्र हेच काम आकड्यांनी करतं आणि ३० किंवा ५० वर्षांची सरासरी काढून त्याला ‘सामान्य’ म्हणतं. मान्सून केरळात पोहोचायची सामान्य तारीख १ जून आहे, हे विधान ‘मृग लागला की पाऊस’ याच जातीचं. दोन्हीत एकच उणीव: सरासरी म्हणजे यंदाचा पाऊस नव्हे. २०२५ साली मान्सून २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत येऊन थडकला. रोहिणी नुकती कुठं लागत होती. भाताची धूळवाफ पेरणी नावाप्रमाणं कोरड्या धुळीत करायची असते. ज्यांची तोवर झाली नव्हती त्यांना कोरडी जमीनच मिळेना. पुन्हा २०२३ चा ऑगस्ट घ्या. ती एल निनोची, म्हणजे पॅसिफिकचं पाणी जादा तापण्याची, साल होती आणि देशभराचा हिशेब धरला तर १९०१ पासूनच्या नोंदींत तेवढा कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. आश्लेषा आणि मघा आपल्या तारखेला आल्या आणि गेल्या. पॅसिफिक महासागराचं पाणी यंदा किती तापलंय, हे नक्षत्राला कळायची सोयच नाही.

आणखी एक बारीक गोष्ट आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. नक्षत्रं ताऱ्यांवर मोजतात आणि ऋतू मोजावे लागतात सूर्याच्या उत्तर-दक्षिण सरकण्यावर. पृथ्वीचा आस अतिशय सावकाश डोलतो, त्यामुळे या दोन प्रकारच्या वर्षांच्या लांबीत सुमारे २० मिनिटांचा फरक पडतो. वर्षाला २० मिनिटं म्हणजे काहीच नाही. पण साधारण ७२ वर्षांत त्याचा एक दिवस होतो. शिवकाळात, साडेतीनशे वर्षांपूर्वी, मृग ऋतूच्या मानानं आजच्यापेक्षा पाचेक दिवस लवकर लागत होता. ज्योतिर्विद वराहमिहिराच्या काळात, म्हणजे दीड हजार वर्षांमागं, तब्बल तीन आठवडे लवकर. नक्षत्रं हळूहळू पावसाळ्यात पुढं सरकतायत. एखादी म्हण किती जुनी आहे यावर ती आज कितपत लागू पडेल हे अवलंबून. ‘हल्ली पावसानं नक्षत्र सोडलं’ अशी तक्रार ऐकू येते तेव्हा त्यातला थोडा वाटा या २० मिनिटांचा असतो. थोडाच, बरं का. एका माणसाच्या हयातीत जाणवलेला बदल मात्र आसाच्या डोलण्यानं होत नाही, त्याची कारणं दुसरी.

म्हणी पावसाबद्दल नाहीत

‘पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा, न पडतील उत्तरा तर भात मिळेना पितरा.’ ही म्हण पावसाच्या भाकितांत मोजली जाते. नीट वाचली तर उत्तरात पाऊस पडेल की नाही याबद्दल ती एक शब्द बोलत नाही. पडला तर काय होईल, न पडला तर काय होईल, एवढंच सांगते. उत्तरा १३ सप्टेंबरच्या सुमारास लागते. तेव्हा भात निसवलेला असतो, दाणा भरत असतो. त्या आठ-पंधरा दिवसांत ओल तुटली की लोंब्या पोचट राहतात. आणि पितृपक्षही बहुधा याच दिवसांत येतो, म्हणून पितरांना ताटात भात नाही. एका ओळीत पीकशास्त्र, कालगणना आणि श्राद्ध. म्हण पिकाच्या उताऱ्याचा अंदाज आहे, हवामानाचा नाही.

‘पडतील स्वाती तर पिकतील माणिक-मोती’ हीसुद्धा तशीच. पण ती कुणाची म्हण आहे हे विचारावं लागतं. ऑक्टोबरअखेरचा पाऊस शाळू (रब्बी ज्वारी) आणि हरभऱ्याला सोन्यासारखा. त्याच दिवसांत पश्चिमेकडच्या तालुक्यांत भात कापून पडलेला असतो, सोयाबीनची मळणी राहिलेली असते आणि उसाच्या फडात ट्रॅक्टर घालायला वाट वाळलेली लागते. म्हणजे शिरोळच्या काळ्या रानात जे माणिक-मोती, ते भुदरगडात नासधूस. म्हणी कोरडवाहू ज्वारीच्या मुलखातून आल्या, की भाताच्या, यावर त्यांचा अर्थ उलटासुलटा होतो. जिल्ह्यात दोन्ही मुलूख शेजारी शेजारी असल्यामुळे आपल्याकडं दोन्ही म्हणी ऐकू येतात आणि एकमेकींना छेद देतात.

मघांची म्हण तर सगळ्यांना पाठ असते. मघा पडल्या तर चुलीपुढं काय करावं लागतं, तो शब्द इथं लिहिता येत नाही. अर्थ एवढाच, की पाऊस इतका लागून राहतो की माणसाला परसाकडं जायला उंबरा ओलांडता येत नाही. आणि नाही पडल्या तर ढगाकडं बघत बसा. यातही भाकीत नाहीच, पण एक खरं निरीक्षण आहे: ऑगस्टच्या मध्यानंतरचा पाऊस एक तर धो-धो, नाही तर बेपत्ता. मान्सूनचा कमी दाबाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याकडं सरकला की देशाच्या मध्यावर पावसाला खंड पडतो आणि असे खंड जुलै-ऑगस्टमध्ये हमखास पडतात.

बेडकाला बातमी कोण देतं?

आता वाहनाकडं वळू. सूर्य नवीन नक्षत्रात शिरतो त्या क्षणी चंद्र कोणत्या नक्षत्रात आहे ते बघायचं. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, येणाऱ्या आकड्याला ९ नं भागायचं आणि बाकी उरेल त्यावरून प्राणी ठरवायचा. घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, हत्ती. बेडूक, म्हैस, हत्ती म्हणजे भरपूर, कोल्हा, मेंढा म्हणजे ओढ, बाकीचे मधले. बस. यात वारा नाही, बाष्प नाही, समुद्र नाही. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो, त्यामुळे सूर्य एक दिवस उशिरा शिरला असता तर बेडकाच्या जागी मेंढा आला असता आणि आभाळात फरक पडला नसता.

आणखी सोपी कसोटी आपल्या जिल्ह्यातच आहे. पश्चिमेला घाटाकडच्या गगनबावड्यात वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पूर्वेच्या शिरोळला साधारण त्याचा दहावा हिस्सा. दोन्हींमधलं हवाई अंतर १०० किलोमीटरच्या आत. अरबी समुद्रावरून आलेला ओला वारा सह्याद्रीला धडकून वर चढतो, वर थंड होतो, तिथंच ओझं टाकतो आणि घाट उतरून पूर्वेला येईपर्यंत निम्माअधिक रिकामा झालेला असतो. दिनदर्शिकेतला बेडूक मात्र दोघांनाही एकच. शिरोळचा बेडूक आणि गगनबावड्याचा बेडूक एकच पाऊस सांगत असेल, तर तो दोघांपैकी एकाला तरी काहीच सांगत नाही.

मग लोकांना ते खरं का वाटतं? कारण म्हाताऱ्या पावसाचं वाहन काहीही असलं तरी जुलैअखेर कोल्हापुरात पाऊस पडतोच. बेडूक असेल तर ‘बघा, बरोबर’. कोल्हा असताना पडला तर त्याची आठवण कुणी ठेवत नाही. खात्री करून घ्यायची असेल तर एका वहीत दर नक्षत्राला वाहन आणि आपल्या गावाचा पाऊस, दोन्ही लिहून ठेवावं. चार-पाच पावसाळे लिहिलं की कळेल. मी हे सांगतो तेव्हा लोक हसतात आणि वही कुणी घालत नाही. माझ्या मते वाहन हा अंदाज नसून बोलायला विषय आहे. पेरणीच्या आधीच्या अस्वस्थ दिवसांत तोही लागतो.

भाकणुकीबद्दल, म्हणजे देवाच्या यात्रेत सांगतात त्या पुढच्या सालाच्या भाकिताबद्दल, मात्र मी थोडं जपून बोलेन. हातकणंगले तालुक्यातल्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते. भंडाऱ्यानं सगळा गाव पिवळा होतो, देवाचे मानकरी फरांडे बाबा तलवार घेऊन हेडाम नावाचं नृत्य खेळतात आणि भाकणूक सांगतात. सीमेपलीकडं निपाणी तालुक्यात आप्पाचीवाडीला हालसिद्धनाथाची भाकणूक होते, तिथंही आपल्याकडची माणसं लोटतात. भाकणुकीत पाऊस असतो, पिकं असतात, धारण म्हणजे बाजारभाव असतो, रोगराई आणि राजकारणही असतं. विदर्भात बुलढाण्याकडं भेंडवळची घटमांडणी आहे, ती याच घराण्यातली. पट्टणकोडोलीची यात्रा ऑक्टोबरच्या सुमारास येते. पुढच्या जूनला तेव्हा सात-आठ महिने असतात, आणि एवढ्या आधी एखाद्या तालुक्याचा पाऊस सांगता येईल अशी बातमी तेव्हाच्या हवेत नसते; कौलात नसते आणि महासंगणकातही नसते. त्यामुळे हवामान म्हणून तिच्याकडं बघूच नये. वर्षभर मेंढरं घेऊन पांगलेला समाज एका जागी येतो आणि पुढच्या सालाबद्दल एकत्र बसून ऐकतो, हे तिचं खरं काम. त्याला बरोबर-चूक लावणं मला गैरलागू वाटतं. फक्त तिच्यावर विसंबून कर्ज काढू नये.

कर्नाटकी बेंदराला सीमाभागातल्या गावांत बैल पळवून कर, म्हणजे वाटेवर आडवा बांधलेला तोरणाचा दोर, तोडतात. पहिला आलेल्या बैलाच्या रंगावरून यंदा कुठलं पीक साधणार ते सांगतात. तो खेळ आहे, आणि चांगला खेळ आहे.

खुणा: काही कारणं, काही परिणाम

तिसरी जात खुणांची. इथं खरी बातमी असते, पण तिचं आयुष्य काही तासांचं.

‘लई उकडाय लागलंय, येणार बघ’ हे वाक्य एप्रिल-मेमध्ये कोल्हापुरात दुपारी दोन वाजता कुणीही म्हणतं आणि बऱ्याचदा चारला वळीव कोसळतो. कारण सरळ आहे. हवेत बाष्प वाढलं की घाम वाळत नाही, म्हणून जास्त उकडतं. आणि तेच बाष्प वळवाच्या ढगाचं इंधन. आपली कातडी आर्द्रता मोजत असते. स्वयंपाकघरात मीठही तेच करतं: हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाला पाणी सुटायला लागतं. गुळाच्या ढेपेलाही ओल धरते, हे कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको. पण मीठ पाझरलं म्हणजे हवा दमट आहे एवढंच कळतं. पाऊस पडायला ती हवा वर चढावी लागते, आणि ते मिठाला माहीत नसतं.

मातीचा वास आधी येतो आणि सर मागून, यातही काही गूढ नाही. जवळच कुठंतरी पाऊस पडतोय. त्या ढगातून खाली आदळलेली गार हवा जमिनीवर पसरते आणि तिकडचा वास घेऊन आपल्यापर्यंत येते. अंगणातलं वाळवण उचलायला तेवढा वेळ पुरतो. विजांचा भरवसा नाही, म्हणून रानात असाल तर वास येण्याची वाट न बघता निघावं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप त्यासाठी मोबाईलमध्ये असावं.

या सगळ्यात मला सर्वांत आवडते ती चंद्राच्या खळ्याची समजूत. ‘दूरचं खळं, जवळचा पाऊस; जवळचं खळं, दूरचा पाऊस.’ ऐकायला कोड्यासारखं वाटतं, पण त्यामागं दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोठं खळं म्हणजे चंद्रापासून २२ अंशांवर पडलेलं कडं. हात लांब करून वीत पसरली की अंगठ्यापासून करंगळीपर्यंत साधारण २० अंश भरतात. अंगठा चंद्रावर धरला आणि करंगळी कड्याजवळ पोहोचली तर ते हे खळं. आकाशात फार उंच, सहा-सात किलोमीटरच्या वर, बर्फाच्या षट्कोनी कणांचा पातळ पदर पसरलेला असतो. त्या कणांतून चांदणं वाकतं आणि ठरलेल्या कोनातच जास्त उजळ दिसतं. आपल्याकडं असा पदर पुष्कळदा दूरवरच्या गडगडाटी ढगांच्या माथ्यावरून वाऱ्यानं वाहत आलेला असतो. म्हणजे कुठंतरी मोठी घडामोड चालू आहे आणि तिचा शेंडा आपल्या डोक्यावर पोहोचलाय. जवळचं खळं निराळं. ते चंद्राला चिकटून असतं, जेमतेम काही अंशांचं, कधी तांबूस कडेचं, आणि बर्फाऐवजी पाण्याच्या बारीक थेंबांच्या पातळ ढगानं पडतं. असा ढग एरवीही असतो, त्यामागं मोठं वादळ असायलाच हवं असं नाही. कुणी तरी पिढ्यान्‌पिढ्या रात्री अंगणात झोपून हा फरक टिपला, त्याला दाद द्यावी लागेल. अर्थात मोठं खळं पडलं आणि पाऊस झाला नाही असंही होतंच, कारण शेंडा आपल्याकडं आला तरी ढगाचं बूड दुसरीकडं जाऊ शकतं. आणि ऐन आषाढात आपल्याला चंद्रच दिसत नाही, तिथं खळं कुठून बघणार!

पाखरांचं काय? पावशा ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’ ओरडतो तो पेरणीची आठवण करून द्यायला नाही. उन्हाळ्यात त्याचा विणीचा हंगाम सुरू होतो. तो सातभाईंच्या घरट्यात अंडी घालणारा, त्याचं वेळापत्रक त्यांच्याशी जुळलेलं. चातकाचं प्रकरण जास्त रंजक आहे. तो आफ्रिकेतून भारतात येतो ते मान्सूनच्या वाऱ्यांच्या सोबतीनं, म्हणून तो दिसणं आणि पाऊस येणं यांचा मेळ बसतो. दोघं एकाच वाऱ्यावर येतात. त्याला थेंबाखेरीज पाणी चालत नाही, हे मात्र कवींचं.

कावळ्याचं घरटं आणि टिटवीची अंडी यांच्यावर माझा विश्वास नाही. कावळ्यानं शेंड्यावर घर केलं तर पाऊस कमी, मधल्या फांद्यांत केलं तर चांगला. टिटवीनं उंचवट्यावर अंडी घातली तर पूर, नदीपात्रात घातली तर ओढ. दोघंही पाऊस लागायच्या आधीच जागा ठरवतात, आणि त्या वेळी समोर जे असतं ते बघून ठरवतात: कोणतं झाड मोकळं आहे, माणसांचा त्रास किती, पात्र किती कोरडं पडलंय. ऑगस्टमध्ये बंगालच्या उपसागरात किती कमी दाबाची क्षेत्रं तयार होतील, ही बातमी मे महिन्यात त्या झाडावर पोहोचण्याचा मार्ग नाही. ती तेव्हा कुठंच तयार झालेली नसते.

मिरगाच्या किड्याची गोष्ट उलटी. तो मखमली लाल किडा पहिल्या पावसानंतर जमिनीतून वर येतो, कारण त्याच वेळी वाळवीला पंख फुटून ती बाहेर पडते आणि वाळवी हे त्याचं खाणं. म्हणजे तो पावसाचा परिणाम आहे, पूर्वसूचना नव्हे. तरी मला तो भाकितांपेक्षा कामाचा वाटतो. शेतकऱ्याला जूनमध्ये दोन प्रश्न असतात: पाऊस येईल का, आणि जमिनीत पेरण्याजोगी ओल आहे का. दुसऱ्याचं उत्तर किड्याला ठाऊक असतं, कारण तो जमिनीतूनच आलेला असतो. नुसती वरवरची सर पडली म्हणून पेरलं आणि पुढं उघडीप मिळाली की दुबार पेरणी ठरलेली. रान किड्यांनी लाल झालंय, घात आलीय (जमिनीला वाफसा आलाय) आणि पुढच्या पाच दिवसांत हवामान खात्याचा अंदाज पावसाचा आहे, एवढं तिन्ही जुळलं तर पेरावं.

हवामान खात्यावरही लोक उगाच चिडतात. देशात यंदा दीर्घकालीन सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस होईल म्हणजे ‘सामान्य’, असं ते एप्रिलमध्ये सांगतात. ती सरासरी जून ते सप्टेंबर, अख्ख्या देशाची, ८७ सेंटिमीटर. त्यात आजऱ्याचं किंवा कागलचं काही नाही. तो आकडा धान्याच्या कोठारांसाठी आणि रिझर्व्ह बँकेसाठी असतो. आपल्या बांधासाठी जिल्ह्याचा पाच दिवसांचा अंदाज बघायचा. वाहन आणि एप्रिलचा अंदाज या दोघांकडून आपण एकच चुकीची अपेक्षा ठेवतो.

वरचा पाऊस

एका बाबतीत मात्र जुन्या खुणा आणि म्हणी पार अपुऱ्या पडतात, आणि कोल्हापुरात नेमकी तीच बाब जिवावर येते. पूर.

२००५ चा पूर जुलैअखेर सुरू झाला, २०२१ चा २२ जुलैपासून पुढं. दोन्ही म्हाताऱ्या पावसात. २०१९ चा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, म्हातारा संपून आश्लेषा लागल्यावर. नाव म्हातारा असलं तरी ताकद कमी होते असं समजू नये. तोवर जमीन भिजून तृप्त झालेली असते, धरणं भरत आलेली असतात, आणि पुढं पडलेला प्रत्येक थेंब थेट नदीत येतो. पंचगंगेचं पाणी कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावतीतून येतं. या नद्या घाटमाथ्याकडच्या मुलखातून येतात. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र झालं की अरबी समुद्राकडचे वारे जोर धरतात आणि घाटमाथ्यावर दिवसरात्र कोसळत राहतं. शहरात त्या वेळी नुसती भुरभूर असू शकते, आणि बंधाऱ्यावर पाणी फुटाफुटानं चढत असतं.

म्हणून नदीकाठच्या कोल्हापूरकरानं स्वतःचे नवे ठोकताळे तयार केलेत. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ धोक्याची; २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, हे लोक क्रिकेटच्या स्कोअरसारखं विचारतात. शाहू महाराजांनी पाया घातलेल्या त्या धरणाच्या दरवाजांना कुणी बटण दाबावं लागत नाही, ठरलेल्या पातळीला पाणी गेलं की ते उघडतात. त्यामुळे दरवाजा उघडल्याची बातमी म्हणजे वर काय झालंय याचा पुरावाच.

शिरोळकडं आणखी एक गाठ आहे. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा आधीच फुगलेली असली तर पंचगंगेला उतार मिळत नाही, पाणी तुंबून मागं पसरतं. अशा वेळी पश्चिमेचा पाऊस थांबलेला, शिरोळमध्ये लख्ख ऊन पडलेलं आणि पाणी मात्र गल्लीत चढतच असतं. तिथं आभाळाकडं बघून काही उपयोग नाही. कोयना आणि राधानगरीचा विसर्ग, खाली अलमट्टीतून सोडलेलं पाणी आणि बंधाऱ्यावरचा आकडा एवढंच बघायचं, आणि जनावरं हलवायची असतील तर ती आकडा ४३ ला टेकायच्या आधी हलवायची.